आवाज आयनांबरापर्यंत कसा चढतो?

तुमच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वातावरणाचे थर शिकवताना त्याने विचारलं, "बैरूतच्या बंदरात स्फोट झाला तेव्हा तीनशे किलोमीटर उंचीवरचं आयनांबर हललं असं वाचलं. पण तिथे तर हवाच नाही. मग धक्का पोहोचला कसा?" आणि पुढे, "मग १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, तेव्हाही असं झालं असेल का?"

दोन्ही प्रश्न उत्तम आहेत. मी पंचवीसेक वर्षं आयनांबराच्या नोंदींवर काम करतोय. पहिला प्रश्न आमच्याकडे एम.एस्सी. करून येणाऱ्या मुलांनाही पडतो, फक्त ती विचारायला कचरतात.

"तिथे हवा नाही" इथूनच सुरुवात करू. हवा आहे, पण फार विरळ. जमिनीलगत एका घन सेंटिमीटरमध्ये हवेचे जेवढे रेणू असतात, त्याच्या दोन-तीन हजार कोटींवा हिस्सा तीनशे किलोमीटरवर उरतो. तरीही तेवढ्याशा जागेत साधारण शंभर कोटी कण सापडतात. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी त्यातल्या हजारात एखाद्याचा इलेक्ट्रॉन सुटा केलेला असतो. या सुट्या इलेक्ट्रॉनांमुळेच त्या थराला आयनांबर म्हणायचं.

आता गंमत अशी, की ही विरळ हवाच धक्का मोठा करते. पोतराजाचा आसूड आठवा. मुठीशी जाड, पुढे निमुळता, टोकाला अगदी बारीक. मनगटाला दिलेला लहानसा हिसका पुढे सरकतो तसा दर वितीला कमी वजनाचा दोर त्याच्या वाट्याला येतो. ऊर्जा तेवढीच, हलवायचं वजन कमी, म्हणून वेग वाढत जातो आणि टोकाशी कडाका उडतो. जमिनीवरून वर निघालेल्या ध्वनिलहरीचं नेमकं हेच होतं. हवेची घनता जितक्या पटीने घटते, त्याच्या वर्गमुळाच्या पटीने हवेच्या कणांचं हेलकावणं वाढतं. वाटेतली गळती सोडली तर तीनशे किलोमीटरपर्यंत ही वाढ लाखपटीच्या घरात जाते. खाली हवेचा थर केसाच्या जाडीइतका हलला, तरी वर तो कित्येक मीटर हलू शकतो.

पण गळती मोठी असते. गणपतीची मिरवणूक लांब गेली की ताशा विरतो आणि ढोलाचा दणका तेवढा ऐकू येत राहतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. बारीक, उंच पट्टीचा आवाज हवा लवकर शोषून घेते. वर जाताना हीच चाळणी फार कडक होते. माणसाच्या कानाला ऐकू येणारं सगळं शंभर किलोमीटरच्या आसपास संपून जातं. उरतात त्या अवश्राव्य लहरी, म्हणजे ज्यांचं एक आवर्तन पूर्ण व्हायला काही सेकंदांपासून दोन-चार मिनिटं लागतात. मोठा स्फोट हवेला एकदम जोराने ढकलतो, त्यामुळे त्याच्या आवाजात असा खर्ज भरपूर असतो. फटाक्यात तो जवळजवळ नसतोच. म्हणून दिवाळीत कितीही माळा लावल्या तरी आयनांबर शांत राहतं.

वेळेचा हिशेब मुलांना फळ्यावर करून दाखवा, त्यांना आवडतो. पहिले शंभर किलोमीटर लाट सेकंदाला सुमारे तीनशे मीटरने चढते, म्हणजे पाच-साडेपाच मिनिटं. पुढे हवा तापत जाते आणि ध्वनीचा वेगही वाढत वाढत सेकंदाला आठशे-नऊशे मीटरपर्यंत जातो, म्हणून उरलेले दोनशे किलोमीटर चार-पाच मिनिटांत सरतात. एकूण नऊ-दहा मिनिटं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वर झालेली हालचाल खाली बसून कळते कशी? जीपीएसमुळे. प्रत्येक उपग्रह एकाच वेळी दोन वारंवारतांवर संदेश पाठवतो, १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ. वाटेतले इलेक्ट्रॉन या दोन्हींवर परिणाम करतात, पण कमी वारंवारतेवर जास्त. दोन संदेशांतला फरक मोजला की वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन लागले ते निघतं. एक चौरस मीटरच्या उभ्या खांबात दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन, हे आमचं माप. एवढ्या इलेक्ट्रॉनांमुळे जीपीएसच्या पहिल्या वारंवारतेवरचं अंतर सोळा सेंटिमीटरने चुकतं. भारतावर भर दुपारी अशी शंभर मापंही भरू शकतात. जमीन मोजणाऱ्याला ही चूक नकोशी असते, आम्ही मात्र तीच जपून ठेवतो. चांगलं यंत्र असलं तर एका मापाचा शंभरावा हिस्सा हलला तरी दिसतो.

नोंदी घेऊन आम्ही एक साधा आलेख काढतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्फोटाच्या जागेपासूनचं अंतर. प्रत्येक उपग्रह आणि प्रत्येक जमिनीवरचं केंद्र यांच्या जोडीची एक रेघ, वाढ झाली तिथे लाल, घट झाली तिथे निळी. खरी लाट असेल तर या गर्दीत एक तिरका पट्टा उठतो: जवळच्या रेघांवर आधी, लांबच्या रेघांवर नंतर. त्या पट्ट्यावर पट्टी ठेवायची, उतार मोजायचा, तोच लाटेचा वेग. आज हे सगळं संगणक करतो, पण मी अजूनही कागदावर छापून पट्टी ठेवतो. डोळ्याला जे खटकतं ते गणिताला कधीकधी खटकत नाही.

बैरूतची गोष्ट अशी. ४ ऑगस्ट २०२०, संध्याकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी बंदराच्या गोदामात साठवलेलं सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं. दोनशेहून अधिक माणसं गेली. आयनांबरातला त्याचा ठसा शोधून काढणाऱ्यांत आपल्याकडचे लोक होते, हे मुलांना आवर्जून सांगा. राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतले भास्कर कुंडू आणि त्यांचे सहकारी, आणि त्यांच्याबरोबर जपानच्या होक्काइडो विद्यापीठातले कोसुके हेकी. इस्राएलमधल्या जीपीएस केंद्रांच्या नोंदींतून त्यांना दक्षिणेकडे सेकंदाला सुमारे ०.८ किलोमीटर वेगाने जाणारी लाट सापडली. जपानमधल्या असामा ज्वालामुखीच्या २००४ च्या उद्रेकाने उठवलेल्या लाटेपेक्षा ती किंचित मोठीच होती. एका गोदामातल्या खताने ज्वालामुखीची बरोबरी करावी, हे मला आजही अस्वस्थ करतं.

लाट दक्षिणेकडेच का दिसली? एक तर केंद्रं त्या बाजूला होती. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आयनांबरातले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना बांधलेले असतात. लहान मुलांच्या मणीपाटीतले मणी तारेवरून सरकतात, पण तारेला आडवे जाऊ शकत नाहीत, तसेच. साधी हवा कुठेही हलू दे, ती या मण्यांना फक्त तारेच्या दिशेनेच ढकलू शकते. उत्तर गोलार्धात या तारा वर जाताना दक्षिणेकडे कललेल्या असतात. म्हणून वर आणि दक्षिणेला जाणारी लाट मण्यांना छान रेटते, आणि उत्तरेला जाणारी तारांना आडवी आपटते. तिकडे हवा तेवढीच हलते, पण इलेक्ट्रॉन जागचे फारसे हलत नाहीत आणि आपल्या आलेखात काहीच उमटत नाही.

जीपीएसच्या आधी काय होतं, असं कुणी विचारेल. तेव्हा रेडिओचा स्पंद सरळ वर सोडायचा, तो आयनांबरावरून परत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि किती वारंवारतेपर्यंत परततो ते पाहायचं. इंग्लंडमधल्या स्लाउ इथल्या केंद्राने १९३० च्या दशकापासून अशा नोंदी ठेवल्या, महायुद्धातही त्यात खंड पडू दिला नाही. रेडिंग विद्यापीठातले वातावरणशास्त्रज्ञ क्रिस स्कॉट आणि इतिहासकार पॅट्रिक मेजर यांनी २०१८ मध्ये या जुन्या कागदांना एक नवा प्रश्न विचारला: दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी बर्लिनसह युरोपात टाकलेल्या बॉम्बचा परिणाम हजार किलोमीटरपर्यंत दूर असलेल्या इंग्लंडवरच्या आयनांबरात दिसतो का? त्यांनी १५२ मोठे हल्ले निवडले. एका हल्ल्याची ऊर्जा कमीत कमी तीनशे विजा पडण्याइतकी होती. एकेका हल्ल्याचा परिणाम इतका पुसट की रोजच्या चढउतारात तो सापडणारच नाही. म्हणून सगळ्या हल्ल्यांच्या नोंदी हल्ल्याची वेळ शून्य धरून एकावर एक रचल्या आणि सरासरी काढली. तेव्हा इलेक्ट्रॉनांची घनता उतरलेली दिसली. धक्क्याने वरची हवा तापली आणि तापलेल्या हवेत इलेक्ट्रॉन लवकर नाहीसे झाले, असा त्यांचा अर्थ. लंडनवरचे जर्मन हल्ले त्यांना वापरता आले नाहीत, कारण ते इतके रोजचे होते की "हल्ल्याचा दिवस" आणि "बिनहल्ल्याचा दिवस" असा फरकच करता येत नव्हता.

मला या कामाबद्दल विशेष आदर वाटतो. डोक्यावर युद्ध चालू असताना कुणीतरी रोज जाऊन ते यंत्र चालू ठेवलं, आकडा लिहिला, आणि त्याचा उपयोग सत्तर वर्षांनी झाला.

आता निसर्गाने केलेला स्फोट. १५ जानेवारी २०२२ ला पॅसिफिकमधल्या टोंगा देशाजवळचा हुंगा ज्वालामुखी फुटला. राखेचा आणि वाफेचा खांब ५७ किलोमीटरपर्यंत, म्हणजे स्थितांबर ओलांडून मध्यांबरात गेला. ज्वालामुखीचा एवढा उंच खांब आपल्या हयातीत कुणी मोजला नव्हता. जमिनीला बिलगून धावणारी दाबाची लाट सेकंदाला साधारण ३१५ मीटरने निघाली आणि तिने पृथ्वीला अनेक फेऱ्या घातल्या. १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला तेव्हाही जगभरच्या वायुभारमापकांत अशीच लाट उमटली होती. टोंगाहून मुंबई-पुण्यापर्यंत जवळजवळ तेरा हजार किलोमीटर, म्हणजे सुमारे साडेअकरा तास. त्या रात्री मी माझ्या घरच्या साध्या डिजिटल दाबमापकासमोर बसून होतो. नऊनंतर रेघ वर उचलली गेली, मग खाली बसली, एकूण चढउतार एक-दोन हेक्टापास्कलचा. रस्त्यावर सगळं नेहमीसारखं चालू होतं, आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या डोंगराचा धक्का नुकताच खिडकीवरून गेला होता. मी मुलीला हाक मारून ती रेघ दाखवली.

वर त्याहून मोठी उलथापालथ चालली होती. विषुववृत्तावर, शंभर किलोमीटरच्या आसपास, दिवसा पूर्वेकडे विजेचा एक प्रवाह वाहतो. टोंगानंतर काही भागांत तो उलटा फिरला, कारण वरच्या वाऱ्यांनीच दिशा बदलली होती. जपानवर तर आणखी विलक्षण घडलं. दाबाची लाट तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी आयनांबर डोलायला लागलं. ध्वनीच्या वेगाने हे शक्य नव्हतं. उलगडा असा, की लाट तोवर ऑस्ट्रेलियावर पोहोचली होती, आणि ऑस्ट्रेलियावरच्या चुंबकीय रेषा वर जाऊन, विषुववृत्त ओलांडून जपानवर उतरतात. एका टोकाला झालेली विद्युत खळबळ त्या तारेवरून दुसऱ्या टोकाला जवळजवळ तत्काळ गेली. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी त्या संध्याकाळी भारतावरच्या आयनांबरात उठलेल्या प्लाझ्माच्या बुडबुड्यांचं, म्हणजे इलेक्ट्रॉन फार कमी असलेल्या पोकळ्यांचं, नातंही याच उद्रेकाशी जोडून दाखवलं. असे बुडबुडे जीपीएसचा संदेश थरथरवतात, म्हणून विमानांना मार्ग दाखवणाऱ्या आपल्या गगन प्रणालीला त्यांची काळजी घ्यावीच लागते.

इथवरचं सगळं ढकलण्याचं काम होतं. याहून वेगळ्या दोन गोष्टी मुलांच्या डोक्यात यात मिसळू नयेत, म्हणून लिहितो.

अग्निबाण आयनांबराला ढकलतो, शिवाय त्यात रासायनिक भोकही पाडतो. त्याच्या धुरातली पाण्याची वाफ तिथल्या ऑक्सिजन आयनांशी झटकन अभिक्रिया करते, त्यातून बनलेला आयन इलेक्ट्रॉनाला लगेच गिळतो, आणि इलेक्ट्रॉन भराभर कमी होतात. मे १९७३ मध्ये अमेरिकेचं स्कायलॅब हे अंतराळस्थानक वर नेणाऱ्या सॅटर्न-५ ने असं मोठं भोक पाडलं, तेव्हा हा विषय पुढे आला. १८ नोव्हेंबर २०२३ ला स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप या अग्निबाणाचा वरचा टप्पा दीडशे किलोमीटर उंचीवर फुटला, तेव्हा लाटही उठली आणि भोकही पडलं. अर्ध्या-पाऊण तासात ते बुजलं.

अण्वस्त्राचा स्फोट उंचावर केला तर हवा ढकलण्याचा प्रश्न मागे पडतो. तिथे काम करतात ते क्ष-किरण, गॅमा किरण आणि किरणोत्सारी तुकड्यांतून सुटणारे वेगवान इलेक्ट्रॉन. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने जॉन्स्टन बेटावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा स्फोट केला, त्याचं नाव स्टारफिश प्राइम. सुमारे १,४०० किलोमीटर दूरच्या होनोलुलूत काही रस्त्यांवरचे दिवे गेले, आकाश लाल झालं. सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांत अडकून पृथ्वीभोवती त्यांचा पट्टाच तयार झाला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार उपग्रह या किरणोत्साराने काही महिन्यांत मुका झाला, ब्रिटनचा एरियल-१ देखील बिघडला. सोव्हिएत संघाने त्याच ऑक्टोबरमध्ये कझाकस्तानवर असाच स्फोट केला आणि खाली शेकडो किलोमीटरच्या टेलिफोनच्या लाइनचे फ्यूज उडाले. पुढच्या वर्षी हवेतल्या, अंतराळातल्या आणि पाण्याखालच्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. माझ्या मते तो त्या दशकातल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक होता. बैरूतसारख्या स्फोटाने आयनांबर वीस-तीस मिनिटं डोलतं आणि पूर्ववत होतं, त्याने हवामान किंवा पाऊस बदलत नाही. स्टारफिशचं तसं नव्हतं.

एक सावधगिरीही सांगतो. आयनांबर एरवीही सतत हलत असतं. सूर्यास्ताची रेषा सरकते तशा लाटा उठतात, पावसाळ्यात गडगडाटी ढग खालून धडका देतात, सूर्याकडून वादळ आलं तर सगळंच ढवळतं. टोंगाच्या आदल्याच दिवशी एक भूचुंबकीय वादळ होऊन गेलं होतं, म्हणून त्या अभ्यासांत दोन्ही परिणाम वेगळे काढायला बरंच डोकं खपवावं लागलं. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी एका कारखान्यातल्या स्फोटाचा सुंदर आलेख घेऊन आली. पट्टा स्वच्छ होता, वेगही पटणारा. मी विचारलं, "स्फोटानंतर किती मिनिटांनी सुरू होतो?" तिने मोजलं, चार. चार मिनिटांत आवाज सव्वाशे किलोमीटरही चढत नाही. आधीच्या तीन संध्याकाळच्या नोंदी काढल्या, तर तसाच पट्टा रोज त्याच सुमाराला होता. सूर्यास्ताची लाट होती ती. तिने तो निबंध स्वतःहून मागे घेतला आणि आज ती माझ्याहून कडक तपासणी करते.

आता मुंबईची गोदी. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन हे जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. दुपारी चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थच आपण १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो.

भौतिकीच्या हिशेबाने लाट वर गेलीच असणार. एप्रिलची दुपार, म्हणजे मुंबईवर इलेक्ट्रॉन भरपूर. तेव्हाची यंत्रं फार तर तासातासाने मोजणी घ्यायची, आणि चार वाजताची मोजणी स्फोटाआधीची. दहा-पंधरा मिनिटांची लाट अशा दोन मोजण्यांच्या मधून सहज निसटते. स्कॉट आणि मेजर यांच्याकडे १५२ हल्ले होते म्हणून त्यांना सरासरी काढता आली. इथे दिवस एकच होता.

आजची जीपीएस केंद्रं तेव्हा असती, तर मी ती लाट मुंबईच्या डोक्यावर शोधली नसती. मुंबईवर चुंबकीय रेषा बऱ्याच आडव्या असतात, सरळ वर जाणारा धक्का त्या मण्यांना फारसा सरकवत नाही. मी दक्षिणेला गेलो असतो, रत्नागिरी ते गोव्यावरच्या आकाशात, आणि सव्वाचारनंतरची मिनिटं एकेक करून पाहिली असती. मग पुन्हा पावणेपाचनंतरची, दुसऱ्या स्फोटासाठी.